ऐकू कमी येतंय? बिघाड कानाच्या कुठल्या टप्प्यात आहे, ते कसं ओळखायचं

‘कानाला दडा बसलाय’ म्हणत माणूस आठ-आठ दिवस काढतो. या एकाच तक्रारीमागे चार निरनिराळी कारणं असू शकतात: नळीत अडकलेला मळ, पडद्यामागे साचलेलं पाणी, घशाकडे जाणारी नळी बंद होणं, किंवा आतल्या कानाने अचानक काम सोडणं. पहिल्या तिन्हींत चार दिवस गेले तरी सहसा फार बिघडत नाही. चौथ्यात एकेक दिवस मोलाचा असतो. वरवर चारही सारखेच वाटतात. तरीही कुठलंच उपकरण न वापरता घरच्या घरी त्यांतला फरक बराचसा ओळखता येतो. त्यासाठी आधी आवाज कानात कुठून कुठे जातो ते माहीत हवं.

आवाजाचा रस्ता

कानाच्या कामाचे दोन भाग आहेत. एक आवाज पोचवण्याचा: यात बाहेरचा कान, नळी, पडदा आणि तीन हाडं येतात. दुसरा आवाज जाणण्याचा: यात आतला कान आणि मेंदूकडे जाणारी नस. पोचवणाऱ्या भागातला बिघाड बहुतेक वेळा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सुधारता येतो. जाणणाऱ्या भागातल्या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. पुढची प्रत्येक तपासणी या दोनांपैकी कुठला भाग बिघडलाय हे शोधण्यासाठीच असते.

बाहेरून दिसणाऱ्या कानाच्या वळ्यांमुळे आवाज वरून आला की खालून, समोरून की मागून, हे कळतं. डावीकडून की उजवीकडून हे मात्र दोन्ही कान मिळून ठरवतात. एका बाजूने आलेला आवाज दुसऱ्या कानात फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि मेंदूला तेवढा फरक पुरतो. म्हणून एकाच कानाने ऐकणाऱ्या माणसाला ठाणे स्टेशनाबाहेर रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, पण रिक्षा कुठल्या बाजूने येतेय ते कळत नाही. अशा माणसाबरोबर रस्ता ओलांडताना त्याच्या कमी ऐकणाऱ्या बाजूला राहावं.

नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि किंचित वाकडी. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा. केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त तिथेच असतात. आतला दोन तृतीयांश हाडाचा, त्यावर अतिशय पातळ कातडी. ही कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळ आपोआप दाराशी येऊन पडतो. मळ मुळात पडद्याजवळ तयारच होत नाही. पडद्याला टेकलेला मळाचा गोळा दिसला, तर बहुतेक वेळा तो कुणीतरी बडने, पिनेने नाहीतर गाडीच्या किल्लीने आत ढकललेला असतो.

नळीच्या टोकाला पडदा: ८ ते १० मिलिमीटर व्यासाचा, जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीचा. त्याला आतून हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं ओळीने जोडलेली. रिकीब सुमारे ३ मिलिमीटरची, शरीरातलं सगळ्यात लहान हाड. ही साखळी कशासाठी? आतला कान पाण्यासारख्या द्रवाने भरलेला आहे, आणि हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर त्यातली ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत फिरते. पडद्याचा हलणारा भाग रिकिबीच्या तळव्याच्या जवळपास १७ पट मोठा आहे. हाडांच्या तरफेचा गुणाकार १.३ चा. दोन्ही मिळून दाब सुमारे २२ पट वाढतो, आणि वाया जाऊ पाहणारा आवाज बराचसा आत शिरतो. पडद्याला भोक पडलं, हाडाचा सांधा सुटला किंवा रिकीब जागीच घट्ट बसली, तर हा गुणाकारच जातो. मात्र नुसत्या पोचवण्यातल्या बिघाडाने ऐकण्यात फार तर ६० डेसिबलचा तोटा होतो. त्याहून जास्त तोटा असेल तर आतला कानही गुंतलाय असं धरावं.

पडद्यामागच्या पोकळीत हवा असते. तिचा दाब बाहेरच्या हवेइतका राखण्यासाठी साडेतीन सेंटीमीटरची एक नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. एरवी ती बंद. गिळताना आणि जांभई देताना उघडते. सर्दीत ती सुजते, पोकळीतली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि दडा बसतो. लहान मुलांत ही नळी आखूड आणि आडवी असते. म्हणून त्यांच्या पडद्यामागे वारंवार पाणी साचतं आणि शाळेत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा मिळतो. असा शेरा आला की रागवण्याआधी कान तपासून घ्यावा.

आता आतला कान. सुमारे अडीच वेढ्यांच्या शंखात ३५ मिलिमीटर लांबीची पट्टी आहे. दाराशी ती अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. बारीक, उंच स्वर दाराशी हालचाल करतात, जाड स्वर टोकापर्यंत जातात. बाजाच्या पेटीच्या पट्ट्या जशा स्वरांप्रमाणे ओळीने असतात तशीच ही मांडणी. पट्टीवरून सरकणारी लाट दाखवून दिल्याबद्दल गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. पट्टीवर केसपेशींच्या रांगा आहेत. आतल्या रांगेत जेमतेम साडेतीन हजार. त्या मेंदूला खबर देतात. बाहेरच्या तीन रांगांत सुमारे १२ हजार. त्या स्वतः लांब-आखूड होऊन हळू आवाज वाढवतात. प्रत्येक आवाज दारातूनच आत जातो आणि दाराशी असलेल्या केसपेशी सगळ्यांत आधी झिजतात. त्यामुळे उंच स्वर आधी जातात.

शंखाला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. आतला द्रव सलग, नसही शेजारची. म्हणून ऐकू कमी येण्याबरोबर गरगरत असेल तर संशय आतल्या कानाकडे जातो.

घरच्या तपासण्या

पंखा, टीव्ही, खिडकी बंद करा. सोसायटीबाहेर काम चालू असेल तर रात्री करा. आधी कुजबुज चाचणी. तपासायच्या माणसाच्या मागे हातभर, म्हणजे सुमारे ६० सेंटीमीटरवर उभं राहा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्याने दुसऱ्या कानाच्या दाराशी असलेला छोटा उंचवटा बोटाने दाबून गोल चोळत राहायचं. नुसतं दाबून भागत नाही, चोळण्याचा आवाजच त्या कानाला गुंतवून ठेवतो. तुम्ही श्वास पूर्ण सोडून द्या आणि मग उरलेल्या हवेत तीन शब्द कुजबुजा; भरल्या छातीने कुजबुजलं की आवाज नकळत मोठा होतो. तिन्ही बरोबर आले तर ठीक. चुकले तर नवे तीन घ्या. सहापैकी निदान तीन बरोबर यायला हवेत. मग दुसरा कान, आणि शब्दही दुसरे.

शब्द निवडताना स, श, च, ख, फ असणारे घ्या: साठ, पाच, खिसा, फणस, शहर, चवळी. या व्यंजनांची ऊर्जा उंच स्वरांत असते. आ, ओ, म, न यांची खालच्या स्वरांत. उंच स्वर गेलेल्या माणसाला ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला फरक कळेनासा होतो. बाजारात भाजीवाल्याशी वाद, बस चुकणं, फोनवर आकडा चुकीचा लिहिणं, अशा गोष्टी इथून सुरू होतात. ‘ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत’ ही आतल्या कानाच्या बिघाडाची फार नेमकी तक्रार आहे. घरच्यांनी ती मनावर घ्यायला हवी.

दुसरी चाचणी गुणगुणण्याची. एका कानाने कमी ऐकू येत असेल तेव्हाच ती उपयोगाची. आधी निरोगी कानावर करून बघा: ओठ मिटून खालच्या पट्टीत ‘म्म्म’ असा सूर धरा आणि एका कानात बोट घाला. सूर बोट घातलेल्या कानात सरकतो, तिथे तो मोठा वाटतो. आवाज कवटीच्या हाडातून आतल्या कानापर्यंत जातो आणि बंद नळीतून त्याला बाहेर पडता येत नाही. आता बोट काढा आणि दडा बसला असताना तसाच सूर धरा. सूर बंद वाटणाऱ्या कानात मोठा लागला, तर बिघाड पोचवणाऱ्या भागात असण्याची शक्यता जास्त: मळ, पाणी, सर्दी. सूर चांगल्या कानाकडे गेला, तर बंद वाटणारा कान आवाज जाणतच नाहीये असा संशय घ्या. दवाखान्यात ५१२ हर्ट्‌झचा स्वरकाटा, म्हणजे आपटला की एकच सूर देणारा धातूचा चिमटा, कपाळावर ठेवून हेच बघतात.

दुसरा निकाल आला आणि ऐकणं तीन दिवसांच्या आत गेलेलं असेल, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. यावर स्टिरॉइडचा उपचार असतो. त्याचा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितक्या लवकर तितका जास्त. मळाचे थेंब घालत आठवडा काढणं ही इथली सगळ्यांत महाग पडणारी चूक. गुणगुणण्याची चाचणी हमखास नाही. सूर बंद कानात लागला तरी चार दिवसांत दडा सुटला नाही तर तपासणी हवीच. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिका रुग्णालय इथल्या बाह्यरुग्ण विभागात ही तपासणी होते.

आलेख वाचताना

ऑडिओमेट्रीचा, म्हणजे यंत्राने ऐकणं मोजल्याचा, कागद हातात आला की बहुतेक जण खाली लिहिलेला सरासरीचा आकडा बघून घडी घालतात. आलेख बघा. आडव्या रेषेवर स्वराची उंची, २५० पासून ८००० हर्ट्‌झपर्यंत. उभ्या रेषेवर डेसिबल, वरून खाली वाढत जाणारे. खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. उजवा कान लाल गोलाने, डावा निळ्या फुलीने. टोकदार किंवा चौकोनी कंस म्हणजे कानामागच्या हाडावरून घेतलेलं मोजमाप. ते बाहेरचा आणि मधला कान टाळून थेट आतल्या कानाची स्थिती सांगतं.

समजा ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्‌झवर हवेतून ४०, ४५, ३५, ४० आले, आणि हाडातून १०, १०, १५, १०. हवेची सरासरी ४०, हाडाची ११ च्या आसपास. मधलं अंतर जवळपास २९. आतला कान चांगला आहे, आवाज पोचत नाहीये. दोन्ही खुणा एकमेकींना चिकटून खाली गेल्या असतील, तर बिघाड आतल्या कानात किंवा नसेत. दोन्ही खाली आणि शिवाय मध्ये १० पेक्षा जास्त अंतर असेल, तर दोन्हीकडे.

आता दुसरा कागद: ५०० वर १०, १००० वर १०, २००० वर १५, ४००० वर ५०, आणि ८००० वर पुन्हा २५. पहिल्या तीन स्वरांची सरासरी १२ देखील नाही, म्हणून शेरा ‘सामान्य’. पण ४००० वरची ती खाच गोंगाटाने झालेल्या इजेची खूण आहे. कानाची नळी ३००० हर्ट्‌झच्या आसपासचा आवाज स्वतःच वाढवते आणि इजा त्याच्या जरा वर उमटते, म्हणून खाच नेमकी तिथे. रबाळे, महापे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये प्रेस, कॉम्प्रेसर, ग्राइंडरवर काम करणाऱ्याने वार्षिक तपासणीत सरासरीवर समाधान मानू नये. कागदाची प्रत मागून घ्यावी आणि मागच्या वर्षीच्या शेजारी ठेवावी.

तपासणीआधी १४ ते १६ तास कान गोंगाटापासून दूर ठेवा. दहीहंडीच्या किंवा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला आलेख तात्पुरता खाली गेलेला असतो. ऐकणं अचानक गेलं असेल तर मात्र हा नियम विसरा आणि लगेच जा.

सोबत टिंपॅनोमेट्रीचा, म्हणजे पडद्याची हालचाल मोजल्याचा, छोटा कागद मिळतो. मधोमध नीट टोक असेल तर ‘ए’, म्हणजे पडदा आणि पोकळी व्यवस्थित. टोक डावीकडे सरकलं तर ‘सी’, पोकळीत दाब कमी. सपाट रेघ ‘बी’: पडद्यामागे पाणी, पडद्याला भोक, किंवा नळीत घट्ट मळ.

मळ, तेल आणि पावसाळा

मळ मऊ करायला ऑलिव्ह किंवा बदामाचं साधं तेल नाहीतर औषधाच्या दुकानातले थेंब चालतात. कुशीवर पडून ३ ते ५ थेंब, ५ ते १० मिनिटं तसंच राहायचं, दिवसातून दोनदा, ३ ते ५ दिवस. पहिल्या दिवशी मळ फुगून दडा वाढल्यासारखा वाटतो, घाबरू नका. कान वाहत असेल, दुखत असेल किंवा पडद्याला कधी भोक पडलं असेल तर काहीही घालू नका. लसूण तडतडवलेलं कडक तेल कधीच नको. पातळ कातडी भाजते. दवाखान्यात पिचकारीने धुताना पाणी शरीराइतकं, ३७ अंशांचं असावं. थंड किंवा गरम पाण्याने आतल्या कानातला द्रव हलतो आणि माणूस गरगरून पडतो.

जून ते सप्टेंबर खाडीकाठच्या दमट हवेत कानाची बुरशी वाढते. खाज प्रचंड, मग दडा. आत पांढरट लगदा, त्यावर काळे ठिपके. ओल आणि तेल दोन्ही तिला मानवतात, आणि मळ खरवडून काढला की मळातल्या आम्लाचं संरक्षणही जातं. भिजून आलात तर डोकं कलतं करून कान वर-मागे ओढा, पाणी निथळू द्या, टॉवेलने फक्त बाहेरून टिपा. आंघोळीआधी व्हॅसलिन लावलेला कापूस कानाच्या दाराशी बसवला तरी पुरतं. बुरशी नुसत्या थेंबांनी हटत नाही, डॉक्टरांनी ती यंत्राने ओढून काढावी लागते. स्टेशनाबाहेर सळई घेऊन बसणाऱ्यांकडून कान कोरून घेऊ नका. ०.१ मिलिमीटरच्या पडद्याला सळईचा एक धक्का पुरतो.

कानात किडा गेला आणि पडदा शाबूत असेल, तर कोमट तेलाचे थेंब घालून आधी तो मारावा आणि मग डॉक्टरांकडे जावं. वाटाणा, हरभरा गेला तर पाणी घालू नका, फुगून घट्ट बसतो. बटणासारखा सेल गेला तर काहीच घालू नका, तासाभरात रुग्णालय गाठा. तो आतली कातडी जाळतो.

गोंगाटात

८५ डेसिबलला ८ तास ही सावध मर्यादा. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, १०० ला १५ मिनिटं. आपल्याकडे कारखान्यांत ८ तासांसाठी ९० ची मर्यादा धरतात, ती कानाच्या दृष्टीने ढिलीच आहे. मोजायला यंत्र नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का बघा. लागत असेल तर तिथला आवाज ८५ च्या वर आहे असं समजा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. डीजेच्या भिंतीसमोर कानठळ्या बसत असतील, तर नुसतं दहा पावलं मागे गेल्यानेही बराच फरक पडतो. लहान मुलाला खांद्यावर घेऊन स्पीकरसमोर उभं राहू नका.

फोमचे बोळे नीट बसवल्याशिवाय फायदा नाही. कोरड्या हाताने बोळा बारीक वळा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि फुगेपर्यंत २० ते ३० सेकंद बोट टेकवून ठेवा. मग ओंजळीने दोन्ही कान झाका. झाकल्याने आवाजात फारसा फरक पडला नाही तर बोळा बरोबर बसलाय.

मशीन घेताना आणि सांभाळताना

बांद्रा रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. तिथे श्रवण तपासणी, कानाचं मशीन (श्रवणयंत्र) आणि वाचा-उपचार एका छताखाली होतात. नवी मुंबईहून हार्बरने वडाळ्यावरून बांद्रा, ठाण्याहून दादरला गाडी बदलून. नवजात बाळाची चाचणी पहिल्या महिन्यात, बिघाडाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, उपचार सहाव्यापर्यंत, हे वेळापत्रक चुकवू नका. दोन्ही कानांत ६० डेसिबलपेक्षा जास्त तोटा असेल तर अपंगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

मशीन आलेख न बघता, तयार घेऊ नका. उंच स्वर गेलेल्या कानात सगळेच स्वर सारखे वाढवले तर भांड्यांचा आवाज असह्य होतो आणि शब्द तरीही लागत नाहीत. मग मशीन कपाटात पडून राहतं. पहिले काही आठवडे रोज थोडे-थोडे तास वाढवा आणि जुळवणीसाठी दोन-तीनदा परत जा.

झिंक-एअर सेलचा कागद काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. तसं केलं की तो जास्त टिकतो. कागदाच्या रंगावरून आकार ओळखतात: १० नंबरचा पिवळा, ३१२ तपकिरी, १३ नारिंगी, ६७५ निळा. रात्री सेलचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. पावसाळ्यात जेलचा रंग लवकर बदलतो, तेव्हा ते बदला नाहीतर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे तापवून पुन्हा वापरा. आवाज बारीक झाला तर दुकान गाठण्याआधी टोकाची जाळी किंवा नळी बघा. तिथे अडकलेला मळ बहुतेकदा सोबतच्या ब्रशने निघतो. वापरलेले सेल नातवंडांच्या हाती लागणार नाहीत अशा बंद डब्यात टाका.